अंदमान कमी खर्चात: हॉटेलच्या आधी बोटींचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फेब्रुवारीत नाशिकहून तुम्ही दोघं, ६४ वर्षांची आई आणि ९ वर्षांची मुलगी असे चौघं अंदमानला जाणार. सहा रात्रींच्या पॅकेजचे एजंटनं विमान सोडून १,१०,००० रुपये सांगितलेत. स्वतः आखणी केली तर हे निम्म्यात बसेल का, खोल्या आधी ठरवाव्यात की तिथं जाऊन शोधाव्यात, आणि चेन्नईहून जहाजानं गेलं तर स्वस्त पडेल का.

तुम्ही स्वस्त हॉटेलांची यादी मागितली आहे, पण मी सुरुवात तिथून करणार नाही. अंदमानात खोलीच्या भाड्यात घासाघीस करून फार तर चार-पाच हजार वाचतात. खरा खर्च वाढतो तो कार्यक्रम कसा रचलाय त्यावरून: किती बेटं, किती वेळा बोट, कुठल्या जेटीवरून कुठे टॅक्सी, आणि एखादी बोट चुकली तर पुढचं काय काय बुडतं. पॅकेज महाग असतं त्याचं मुख्य कारणही तेच. एजंट प्रत्येक टप्प्याला खासगी बोट आणि दारात उभी गाडी धरतो, कारण त्याला उशिराची आणि तक्रारीची जोखीम नको असते. ती जोखीम तुम्ही स्वतः घेतली, पण नीट आखून घेतली, तर पैसे तिथे वाचतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. सुट्टीच्या तारखा हलवता येत असतील तर बरीच बचत शक्य आहे. येत नसतील तर विमानातच मोठा हिस्सा जाईल. आईंना अर्धा-एक किलोमीटर चालणं आणि जिने जमतात का, यावर दोन-तीन निर्णय फिरतात. आणि खाली दिलेले भाव हे अंदाज आहेत. नाताळ ते जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि दिवाळीची सुट्टी या काळात तेच भाव दीडपटही होतात. फेब्रुवारी निवडलात ते उत्तम केलंत. समुद्र शांत असतो, पाऊस जवळपास नसतो, आणि शाळांच्या परीक्षा जवळ आल्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धात गर्दी उतरते.

आधी जहाजाचं उरकून टाकू. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी प्रवासी जहाजं जातात. समुद्रात साधारण तीन दिवस जातात, महिन्यात मोजक्याच फेऱ्या असतात, आणि तारीख पुढे-मागे होऊ शकते. बंक क्लासचं, म्हणजे सगळ्यात साध्या वर्गाचं, भाडं कमी आहे, पण जेवणाचे पैसे वेगळे, चेन्नईपर्यंतचा रेल्वेप्रवास वेगळा, आणि जाऊन-येऊन सहा दिवस समुद्रावरच. आठवड्याच्या रजेत हे बसत नाही. महिनाभर मोकळा असलेल्या माणसासाठी तो वेगळाच अनुभव आहे, पण तुमच्यासाठी नाही.

विमान. नाशिकहून निघताय म्हणजे बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावं लागेल. अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअरला चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली इथून विमानं जातात. चेन्नई आणि कोलकात्याहून उड्डाण सव्वादोन-अडीच तासांचं. भाडं शोधताना नेहमीची चूक म्हणजे मुंबई–चेन्नई एका तिकिटावर आणि चेन्नई–पोर्ट ब्लेअर दुसऱ्या तिकिटावर घेणं. दोन स्वस्त तुकडे जोडले की एकूण आकडा कमी दिसतो. पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. चार माणसांची तिकिटं जागेवर नव्यानं काढावी लागतात. म्हणून पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. तुकड्यांत घ्यायचाच असेल तर आदल्या दिवशी चेन्नईला पोचा, रात्र तिथे काढा, आणि त्या खोलीचं भाडं हिशोबात धरा. ते धरल्यावर बहुतेक वेळा फरक उरतच नाही. मुलीचं तिकीट जवळजवळ पूर्ण भाड्याचं लागेल, कारण दोन वर्षांवरच्या मुलाला वेगळी सीट घ्यावी लागते. उतरण्याची वेळ दुपारी १२ च्या आत असेल असं बघा. त्याचं कारण पुढे येईलच.

आता बोटी. हा भाग सविस्तर लिहिते, कारण सगळा कार्यक्रम याच्याभोवती उभा राहतो.

तिकिटांवर आणि वेळापत्रकात नवी नावं दिसतील. हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नील बेट झालं शहीद द्वीप, रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम. बोलताना सगळे जुनीच नावं वापरतात, मीही तीच वापरते.

पोर्ट ब्लेअर–हॅवलॉक–नील या त्रिकोणात दोन प्रकारच्या बोटी चालतात. सरकारी बोटी नौवहन संचालनालयाच्या. त्या फिनिक्स बे जेटीवरून सुटतात आणि हॅवलॉकला पोचायला दोन-अडीच तास घेतात. खासगी वातानुकूलित बोटी दीड तासाच्या आसपास पोचवतात, पण भाडं सरकारीच्या दोन-अडीचपट असतं. ढोबळमानानं सरकारी तिकीट माणशी ५०० ते ७०० आणि खासगी १,२०० ते २,००० धरा. चौघांच्या तीन फेऱ्या म्हणजे बारा तिकिटं; सगळी सरकारी मिळाली तर आठ हजारांत काम होतं, सगळी खासगी घेतली तर अठरा-वीस हजार जातात. एकाच निर्णयात दहा हजारांचा फरक.

मग सगळे सरकारी बोटीनं का जात नाहीत? कारण ती तिकिटं प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात आणि त्यात बेटावरच्या रहिवाशांची गरज आधी असते. ते योग्यच आहे. दवाखाना, बाजार, कचेरी सगळ्यासाठी त्यांना हीच बोट आहे. ऑनलाइन बुकिंग आहे, पण सीझनमध्ये जागा तासाभरातही संपतात. म्हणून माझी पद्धत अशी: पोर्ट ब्लेअरहून बाहेर पडणारी पहिली बोट आणि विमानाच्या आधीची परतीची बोट, या दोन टोकांपैकी परतीची फेरी खासगी बोटीत आधीच पक्की करायची. बाकीच्या दोन सरकारी मिळवायचा प्रयत्न करायचा. पहिली नाही मिळाली तर खासगीचा पर्याय तोवर उपलब्ध असतो, थोडा महाग पडेल एवढंच. पण परतीला जागा नाही मिळाली तर विमान बुडतं, आणि तिथे चार तिकिटांचं नुकसान आहे. बचत कुठे करायची नाही हेही ठरवून ठेवावं लागतं.

सरकारी बोटीचं बुकिंग खुलं होण्याआधी चौघांची नावं, वयं आणि ओळखपत्रांचे क्रमांक एका कागदावर लिहून तयार ठेवा. खात्यावर लॉग-इन आदल्या दिवशीच करून बघा. जेटीवर मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. बोट सुटण्याच्या किमान पाऊण तास आधी पोचा. सामान स्वतः उचलून न्यावं लागतं, म्हणून प्रत्येकाची एक बॅग, तीही पाठीवरची किंवा लहान. ओहोटी असेल तर बोटीचा डेक जेटीपेक्षा बराच खाली असतो आणि मधली फळी तिरकी लागते. आईंचा हात धरायला तुमचा एक हात मोकळा हवा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. मुलीसाठी आणि आईंसाठी कुठली आणि किती, हे डॉक्टरांना विचारून न्या. बसायला जमलं तर बोटीच्या मध्यभागी आणि मागच्या बाजूला बसा, पुढे हेलकावे जास्त जाणवतात.

बोटी हवामानामुळे रद्द होतात. फेब्रुवारीत हे क्वचित होतं, पण होतं. त्यामुळे विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीनं येऊन दुपारचं विमान गाठणं कागदावर जमतं आणि एक रात्र वाचल्यासारखी वाटते. मी कोणालाही तसं आखून देत नाही. हाच नियम पहिल्या दिवसाला उलटा लागतो. विमानातून उतरून त्याच दुपारची बोट पकडायची योजना करू नका. विमान तासभर उशिरा आलं तरी बोटीचे पैसे गेले, हॅवलॉकच्या खोलीचे गेले आणि पोर्ट ब्लेअरला ऐनवेळी महागडी खोली घ्यावी लागली.

आता बेटं किती? पॅकेजमध्ये बहुधा हॅवलॉक, नील, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग आणि कदाचित जॉली बॉयसुद्धा असेल. सहा रात्रींत एवढं कोंबलं की रोज पहाटे उठायचं, रोज गाडी, रोज तिकीट. प्रत्येक जास्तीच्या बेटाची खरी किंमत म्हणजे बोटीचं भाडं, दोन्हीकडे जेटीपर्यंतची रिक्षा आणि निम्मा दिवस. त्यामुळे काय वगळायचं ते मी असं ठरवेन.

बाराटांग वगळा. रस्त्यानं जायला पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावावी लागते, तिथून ठरावीक वेळी वाहनांचा ताफा सुटतो आणि जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून मिडल स्ट्रेटपर्यंत जातो. त्या टप्प्यात थांबायला, फोटो काढायला, कोणाला काही द्यायला सक्त मनाई आहे आणि मोडल्यास गुन्हा दाखल होतो. पुढे चुनखडीच्या गुहा आहेत, खारफुटीतून होडीनं जावं लागतं आणि नंतर पायी. अख्खा दिवस, गाडीचं मोठं भाडं, आणि आईंना व मुलीला प्रचंड दगदग. यापलीकडे माझं स्वतःचं स्पष्ट मत आहे: पर्यटनासाठी जारवांच्या जंगलातली वर्दळ वाढवू नये. ज्याला पुढे उत्तरेकडच्या रंगत, मायाबंदर, डिगलीपूर या गावांना खरोखर जायचंय त्यानं सरकारी बसनं जावं. तुम्हाला तिकडे जायचं नाहीये.

नॉर्थ बे वगळा. तिथे प्रत्येक गोष्टीला माणशी वेगळे पैसे लागतात आणि नीलला तेच, जास्त शांतपणे बघायला मिळतं. जॉली बॉय सुंदर आहे, पण वंडूरपर्यंत जवळजवळ तीस किलोमीटर जाणं, आधी परवाना, आणि बोट. तुमच्या दिवसांत बसत नाही. वेळ उरला तरच रॉस घ्या. ते ॲबरडीन जेटीवरून वीस मिनिटांवर आहे. १९४१ च्या भूकंपापर्यंत ब्रिटिशांचं मुख्य ठाणं तिथे होतं, आता वडाच्या मुळांनी वेढलेल्या भिंती आणि हरणं. ते आठवड्यातून एक दिवस बंद असतं, सहसा बुधवारी. आधी विचारून घ्या.

आणि हॅवलॉकचा एलिफंट बीच. हा निर्णय बहुतेकांना जड जातो, कारण सगळे तिथेच जातात. तिथे जायला दोन वाटा. एक, हॅवलॉक जेटीवरून स्पीडबोट, ज्याचे माणशी हजाराच्या वर पैसे लागतात. दुसरी, राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातली सुमारे दोन किलोमीटरची पायवाट. तरुण माणसाला पायवाट छान आहे, पण चिखल, मुळं, आणि भरतीच्या वेळी शेवटच्या भागात पाणी. ६४ वर्षांच्या बाईंना तिथून नेऊ नका. म्हणजे चौघांचे स्पीडबोटीचे चार-पाच हजार. तिथे जे बघायचं, म्हणजे उथळ पाण्यातलं प्रवाळ, ते नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर जेटीपासून चालत जाऊन दिसतं. म्हणून प्रवाळासाठी नील, आणि पोहण्यासाठी व सूर्यास्तासाठी हॅवलॉक, अशी विभागणी करा.

त्यामुळे सहा रात्री अशा लावेन: पहिली पोर्ट ब्लेअर, पुढच्या दोन नील, त्यापुढच्या दोन हॅवलॉक, शेवटची पोर्ट ब्लेअर. नील–हॅवलॉकमध्येही थेट सरकारी बोट आहे, त्यामुळे तीन फेऱ्यांत त्रिकोण पूर्ण होतो. हॅवलॉक आधी घेतलं तरी चालेल. ज्या दिशेला सरकारी तिकीट मिळेल ती दिशा घ्या. म्हणूनच खोल्या अशा ठिकाणी घ्या जिथे तारीख दोन-चार दिवस आधीपर्यंत फुकट रद्द किंवा बदल होते. हे तुमच्या खोल्यांच्या प्रश्नाचं उत्तर. आधीच बुक करा, पण पूर्ण पैसे भरून नाही. जागेवर जाऊन शोधणं दोघा तरुणांना ठीक. आई आणि मुलगी बोटीतून उतरून उन्हात बॅगांवर बसल्या आहेत आणि तुम्ही खोल्या बघत फिरताय, अशा वेळी माणूस पहिली मिळेल ती महाग खोली घेतो.

खोली कुठे घ्यायची याला भाड्याइतकंच महत्त्व आहे. पोर्ट ब्लेअरला ॲबरडीन बाजारच्या आसपास राहा. विमानतळ तिथून तीन-चार किलोमीटर, सेल्युलर जेल चालत, फिनिक्स बे जेटी जवळ, सरकारी बसचं स्थानक जवळ, साधी जेवणाची हॉटेलं खाली. शहराबाहेरचं ३०० रुपयांनी स्वस्त हॉटेल रोज ५०० रुपयांच्या रिक्षा खातं. हॅवलॉकला जेटीजवळचं एक नंबर, बाजार असलेलं तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, किनाऱ्यावरचं पाच नंबर म्हणजे विजयनगर, आणि सात नंबर म्हणजे राधानगर. तिथे सगळे गावांना या नंबरांनीच ओळखतात. तीन आणि पाच नंबरच्या मधे राहा. राधानगर जेटीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, तिथे खोल्या मोजक्या आणि महाग. नील इतकं लहान आणि सपाट आहे की खोली कुठेही घेतलीत तरी चालतं.

हॅवलॉकला फिरण्यासाठी स्कूटर दिवसाला ४०० ते ६०० रुपये, पेट्रोल वेगळं. तुम्ही दोघंही चालवत असाल तर दोन स्कूटर घ्या, एकावर आई, एकावर मुलगी. परवाना आणि हेल्मेट हवंच. घेताना स्कूटरचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. जुने ओरखडे परत करताना नवे ठरतात. आई स्कूटरवर बसत नसतील तर राधानगरला जाऊन-येऊन, थांबण्यासकट रिक्षा ठरवा. जेटी ते राधानगर सरकारी बसही आहे, फेऱ्या कमी आहेत पण भाडं नाममात्र. परतीची शेवटची बस किती वाजता, हे जातानाच कंडक्टरला विचारा.

ही वेळ महत्त्वाची आहे, कारण अंदमानात दिवस लवकर संपतो. घड्याळ आपलंच आहे, पण ही बेटं प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या दहा अंश पूर्वेला आहेत, म्हणजे सूर्य चाळीस मिनिटं आधी. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला सूर्यास्त, सहाला अंधार. महाराष्ट्रातल्या सवयीनं चारला चहा घेऊन निघालात तर राधानगरला अर्धा तास मिळेल. त्याउलट पहाटे साडेपाचला उजाडतं. म्हणून तिथे सहाला बाहेर पडायचं, अकरा ते तीन खोलीत विश्रांती, तीनला पुन्हा बाहेर. मुलीला आणि आईंनाही हेच वेळापत्रक मानवतं, आणि सकाळच्या वेळी किनारे रिकामे असतात.

नीलला दुसरं वेळापत्रक लागतं, भरती-ओहोटीचं. हे कोणी सांगत नाही आणि त्यामुळे लोक पैसे भरून काहीच न बघता परततात. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, मधलं अंतर साधारण सहा तास, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. जाण्याआधी पोर्ट ब्लेअरचा तक्ता इंटरनेटवर बघून तुमच्या दोन दिवसांच्या वेळा लिहून घ्या. लक्ष्मणपूर दोनजवळचा दगडी नैसर्गिक पूल पूर्ण ओहोटीला बघायचा. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा, म्हणजे खडकातल्या डबक्यांत अडकलेले मासे, समुद्रकाकड्या, खेकडे दिसतात आणि पाणी चढायच्या आत परत येता येतं. वाट ओल्या, धारदार प्रवाळखडकांवरून आहे. पट्ट्याचे, पकड असलेले सँडल हवेत, चप्पल नको. आईंना सुरुवातीच्या वाळूवर सावलीत बसवा. भरतपूरला मात्र उलट: ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की प्रवाळावर पाय पडतात, मोडतं आणि पायही कापतात. तिथे पाणी चढत असताना, भरतीच्या आधीच्या दोन तासांत उतरा. काचेच्या तळाच्या होडीलाही तीच वेळ. आईंसाठी ती होडी घ्या, पाण्यात न उतरता त्यांना प्रवाळ दिसेल. म्हणजे एका दिवसात ओहोटीला पूल, भरतीला भरतपूर, आणि संध्याकाळी लक्ष्मणपूर एकचा सूर्यास्त, ज्याला काही पैसे लागत नाहीत.

स्नॉर्केलिंगचा मास्क इथूनच नेलात तर दोघांच्या मास्कचे पैसे दोन वेळा वापरण्यात वसूल होतात, आणि मुलीच्या चेहऱ्याच्या मापाचा भाड्यानं सहसा मिळत नाही. घेताना परीक्षा साधी आहे: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत घ्या. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर, सुटला तर कडेनं पाणी शिरणार. कपाळावरचे केस मास्कच्या कडेखाली येऊ देऊ नका, पहिल्यांदा गळतं ते तिथूनच. लाइफ जॅकेट मात्र तिथे भाड्यानं घ्या आणि मुलीच्या अंगातून काढू नका. पाठ उन्हानं भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला.

स्कूबाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हॅवलॉकला उतरल्याबरोबर विचारणा सुरू होईल. समुद्रातल्या पहिल्या, ओळख करून देणाऱ्या डाइव्हसाठी प्रमुख प्रशिक्षण संस्थांची किमान वयाची अट दहा वर्षं आहे. मुलगी नऊची आहे, कोणी "चालतंय हो" म्हटलं तरी नाही म्हणा. तुमच्यापैकी एकानं करायची असेल तर किनाऱ्यावरून केलेली डाइव्ह स्वस्त असते, होडीनं लांब नेलेली महाग. पहिल्या वेळेला किनाऱ्याची पुरते. एका माणसामागे एक प्रशिक्षक आहे का हे विचारा, आणि दमा, हृदयविकार, कानाचा त्रास फॉर्मवर लपवू नका. डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास, शक्यतो २४ तास जाऊ द्या. वरच्या क्रमात हॅवलॉक शेवटून दुसरं असल्यामुळे त्यासाठी एक रात्र मधे मिळते.

जेवणात फार बचत शोधू नका, कारण तिथे चांगलं तेच स्वस्त आहे. हॅवलॉक आणि नीलवर बरीच वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची आहे, त्यामुळे बाजारातल्या साध्या हॉटेलात भात, डाळ, भाजी, तळलेला मासा अशी थाळी १५० ते २५० रुपयांत मिळते. रिसॉर्टमधल्या एका जेवणात अशा तीन थाळ्या होतात. खोली घेताना फक्त नाश्ता धरा, दोन वेळचं जेवण बांधून घेऊ नका. शाकाहारी असाल तरी अडचण नाही. पाण्यासाठी प्रत्येकाची स्वतःची बाटली ठेवा आणि खोलीवर गाळलेलं पाणी भरून घ्या.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा. समुद्राखालची केबल २०२० मध्ये आल्यापासून नेट सुधारलं, तरी लहान बेटांवर ते मधेच जातं आणि मग यूपीआय चालत नाही. निदान तीन दिवसांचा खर्च खिशात असू द्या.

तर आकडा. विमान सोडून, चौघांसाठी: सहा रात्री दोन साध्या खोल्या किंवा एक मोठी खोली आणि जादा गादी, १८ ते २४ हजार. बोटी ८ ते १२ हजार. जेवण १३ ते १५ हजार. रिक्षा, स्कूटर, बस ८ ते १० हजार. तिकिटं, होडी, स्नॉर्केलिंग ६ ते ८ हजार. म्हणजे ५३ ते ६९ हजार. एजंटच्या आकड्याच्या निम्म्यावर हे फक्त खालच्या टोकाला बसतं. मी ६२ हजार धरून चालेन आणि वर ८ हजार वेगळे ठेवेन, बोट रद्द झाली तर एका रात्रीसाठी. एजंटला तेवढेच ठरवून द्यायला सांगितलं तर बहुधा तो नाही म्हणेल, कारण सरकारी बोटीची हमी त्याला देता येत नाही.

पहिली दुपार सेल्युलर जेलला द्या. १२ च्या आत उतरा म्हटलं ते यासाठी. १८९६ ते १९०६ मध्ये बांधलेल्या सात शाखांपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर टोकाला आहे. जिने अरुंद आणि चढे आहेत, आईंना सावकाश न्या, मधल्या मनोऱ्याजवळ बसायला जागा आहे. साप्ताहिक सुट्टीचा दिवस पोर्ट ब्लेअरला पोचायच्या तारखेशी आधी ताडून बघा. ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट वेगळं असतं, संध्याकाळचे हिंदी आणि इंग्रजी खेळ वेगळे, त्यामुळे वेळ विचारूनच काढा. शेवटच्या दुपारी चिडिया टापूचा सूर्यास्त घ्या, पंचवीस किलोमीटर दक्षिणेला. वर म्हटल्याप्रमाणे तीनलाच निघावं लागेल.

दोन गोष्टी लोकांना अचानक त्रास देतात. वाळूतली बारीक चिलटं सकाळ-संध्याकाळ चावतात आणि खाज आठवडाभर राहते; पायांना खोबरेल तेल लावा, ओल्या वाळूत थेट बसू नका, आणि खाजवू नका. दुसरं, खाऱ्या पाण्यातल्या मगरी. जिथे सूचनाफलक आहे किंवा खाडी समुद्राला मिळते, तिथे गुडघाभर पाण्यातही जायचं नाही. राधानगरला जीवरक्षकाच्या शिटीच्या टप्प्यातच पोहा.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी विमान, एकाच पीएनआरवर. त्याच दिवशी खोल्या, रद्द करता येतील अशा. मग परतीची खासगी बोट. सरकारी बोटींचं बुकिंग किती दिवस आधी उघडतं ते नौवहन संचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहून ती तारीख कॅलेंडरवर टाका आणि उघडल्याबरोबर बसा. मुलीचं मूळ आधार कार्ड आत्ताच शोधून ठेवा, नाव आणि जन्मतारीख विमानाच्या तिकिटाशी जुळते का बघा. आणि परतताना मुलीच्या खिशात शंख-शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडा राहणार नाही याची खात्री बॅग बंद करतानाच करा. विमानतळाच्या तपासणीत ते काढून घेतात, आणि त्यातल्या कित्येक जाती वन्यजीव कायद्यानं संरक्षित असल्यामुळे विनापावती सापडल्यास कारवाईही होऊ शकते.